काळ्या पायांची घटपर्णी

मी एक जुनी घटपर्णी आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण तो हिशोब माझा मलाच लागत नाही. माझी मुळं अलीकडची आहेत, खोड त्याहून थोडं आधीचं आहे, आणि ज्या वेलीचा मी तुकडा आहे ती वेल तर हे घर बांधलं जाण्यापूर्वीपासून दलदलीत उभी होती. आम्हा वेलींचं असंच असतं. आमचा तुकडा म्हणजे आमचं लेकरू नव्हे, आम्हीच. तेव्हा मित्रांनो, पुढे मी 'मी' म्हणाले की 'कुठली मी?' असं विचारत बसू नका. सगळ्या मीच.

तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात माझ्या जातीचं चित्र असतं, हे मला ठाऊक आहे. खाली लिहिलेलं असतं 'कीटकभक्षी वनस्पती', आणि चित्रात एक बिचारी माशी मडक्यात पडत असते. माझ्या चुलत बहिणी असतील तशा, मी नाही म्हणत नाही. पण माझी मडकी गोल, बुटकी, जमिनीलगत दाटीवाटीने बसलेली. झाकण मागे पडलेलं आणि तोंड आभाळाकडे उघडं. वरच्या झाडांची पानं त्यांत गळतात, कुजतात, आणि त्यावर माझं पोट भरतं. एखादी मुंगी पडली तर पडली. पण मुद्दाम कुणाच्या जिवावर मी उठले नाही. उलट नखाएवढ्या बेडक्या माझ्या मडक्यांतल्या पाण्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिथेच लहानाची मोठी होतात. हे मात्र कुणी छापत नाही. असो, ज्याचं त्याच्यापाशी.

माझी दलदल दूर पूर्वेच्या समुद्रापलीकडे, सारावाक नावाच्या मुलखात, तेबालाय नदीच्या एका वळणाला होती. वर चढणीवर इबान लोकांचं लांबघर. एकाच छपराखाली ओळीने बिऱ्हाडं, सगळ्यांच्या दारांपुढून जाणारी एक लांब पडवी, आणि त्यापलीकडे उघडा ओटा, जिथे भात वाळवतात, मिरी वाळवतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. कापणी संपली की गवायचा सण येतो. त्याच्या आदल्या दिवशी एका बिऱ्हाडाच्या बायका पाट्या घेऊन चिखल तुडवत माझ्याकडे यायच्या. त्या ताजी, निबर मडकी खुडायच्या, नदीवर नेऊन धुवायच्या, त्यांत भिजवलेला चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि मीठ भरून वाफवायच्या. वाफेबरोबर माझा हिरवट, ओलसर वास भातात उतरायचा. पाहुणे तुआकचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, घोट घ्यायचे, मडकं सोलून भात खायचे आणि म्हणायचे, "या बिऱ्हाडाच्या भाताला तोड नाही." माझं नाव कुणी घेत नसे, पण मला कळायचं. कौतुक कुणाला नको असतं?

त्या बिऱ्हाडात दोन बहिणी होत्या. थोरली मिंदू, धाकटी लेमाय. लेमाय थोरलीला 'अका' म्हणायची, तुम्ही अक्का म्हणता तसंच. लहानपणी दोघी एकाच पाटीला दोन बाजूंनी धरून यायच्या. मिंदू मोठं मडकं शोधायची आणि लेमाय त्यातल्या बेडक्या मोजायची. काम एकीचं, गंमत दुसरीची.

पुढे दोघींची लग्नं झाली. मिंदूचा नवरा बायांग याच बिऱ्हाडात राहायला आला. लेमायनं नवऱ्याबरोबर त्याच लांबघराच्या शेवटच्या टोकाला नवं बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड वेगळं झालं की वाटण्या होतात. मातीच्या जुन्या रांजणांची झाली, पितळी घंटांची झाली. सर्वांत मोठी वाटणी भाताची. इबानांच्या प्रत्येक बिऱ्हाडाचा आपला एक घराण्याचा भात असतो. आजीच्या आजीपासून दरवर्षी पेरत आणलेला, शेताच्या मधोमध लावायचा, कधी विकायचा नाही, परक्याला द्यायचा नाही. मूळ बी थोरल्या बिऱ्हाडात राहतं आणि वेगळं होणाऱ्याला त्यातली ओंजळ मिळते. मिंदूनं ती ओंजळ आपल्या हातानं लेमायच्या पाटीत घातली.

लेमायच्या शेतात ते बी उगवलं नाही. चहूबाजूंचं साधं बी वर आलं आणि मधोमध काळं टक्कल राहिलं. लेमायचं डोकं फिरलं. सगळी पडवी माणसांनी भरलेली असताना ती म्हणाली, "अकानं मला भाजलेलं बी दिलं."

मिंदू काही कमी नव्हती. "आळशाच्या रानात बी तरी कशाला डोकं वर काढेल?" ती म्हणाली.

झालं. एका छपराखाली राहूनही दोघींची तोंडं दोन दिशांना झाली. मिंदूच्या दारावरून जाताना लेमाय पाऊल उचलून जायची, आणि लेमायच्या बाजूला धूर गेला तर मिंदू चूल विझवायची. पण एका गोष्टीची वाटणी करायला सगळे विसरले होते. ती म्हणजे मी. मी दलदलीतली, कुणाची नव्हते. त्यामुळे गवायच्या आदल्या दिवशी दोघींना माझ्याकडे यावंच लागायचं. एक या बाजूला बसायची, एक त्या बाजूला, आणि माझ्याकडे पाहत बोलायच्या.

"यंदा मडकी लहान आहेत."

"पाऊस कमी झाला."

"ते डावीकडचं मोठं आहे. हवं असेल त्यानं घ्यावं."

"ज्याला दिसलं त्यानं घ्यावं."

"मला नको."

"मलाही नको."

मग ते मोठं मडकं तसंच राहायचं आणि बेडक्यांची चैन व्हायची. वर्षभरात दोघी बहिणी बोलायच्या ते एवढंच. पण बोलायच्या. माझ्यापाशी येऊन बोलायच्या, म्हणून मी त्या दिवसाची वाट पाहायचे.

मग रस्त्याची बातमी आली. दलदल भरून लांबघरापर्यंत गाडीरस्ता येणार होता. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता मी रस्त्याला शिव्या देईन. नाही देणार. नदी फुगली की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायची सोय नसे. बायांगला साप चावला तेव्हा त्याला होडीतून नेताना मिंदूची काय दशा झाली ते मी काठावरून पाहिलं होतं. रस्ता सगळ्यांना हवा होता, तिलाही हवा होता. फक्त तो माझ्या डोक्यावरून जाणार होता.

ज्या दिवशी लाल फिती बांधलेल्या काठ्या दलदलीत रोवल्या गेल्या, त्याच दिवशी मिंदू एकटीच आली. ती माझ्यापाशी वाकली. मग स्वतःशीच म्हणाली, "या खेपेला जिवंत देईन. भाजलेलं म्हणायला जागाच ठेवणार नाही." तेव्हा मला तिच्या मनातलं कळलं. दलदल गेली की बहिणीशी बोलायची जागा जाणार होती. त्याआधी तिला माझा एक जिता तुकडा लेमायच्या हातात ठेवायचा होता. मागच्या वेळी तिच्या हातून गेलेलं मेलं होतं. खरं असो, खोटं असो, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

आता मिंदू म्हणजे काही साधीसुधी बाई नव्हे. तेबालायच्या दोन्ही काठांवर तिच्यासारखी मिरी कुणाची पिकत नसे. आणि मिरीही वेलच की! फांदीचे तुकडे लावूनच ती वाढवतात. तिनं मिरीचाच कोयता आणला, खोडाची पेरं पाहिली, दर दोन-तीन पेरांवर तिरका काप घेत बरेच तुकडे केले, पानं अर्धी छाटली. हात इतका हलका होता की मला कापल्याचं कळलंसुद्धा नाही. अशा हातात पडल्यावर आपलं भलं होणार, असं मी मनात म्हटलं.

पण माती! लाल माती भाताच्या तुसाबरोबर भाजून, त्यात चुलीची राख, कोंबड्यांची विष्ठा आणि वरून मूठभर मिरीचं खत घालून तिनं काळीभोर, कसदार माती तयार केली. मिरी ही खादाड वेल आहे, तिला हे सगळं लागतं. मिंदूनं मला मिरीच्या रोपांशेजारी ओळीनं लावलं, वर नेच्याच्या पानांची सावली केली आणि हात जोडल्यासारखी उभी राहिली. मी जन्मभर आंबट पाण्यावर आणि पाचोळ्यावर जगलेली. ती माती मला अशी लागली, जशी तुम्हाला पाण्याऐवजी लोणच्याचा खार प्यायला दिला तर लागेल. माझी देठं खालून काळी पडली, मऊ झाली आणि एकामागून एक आडवी झाली.

मिंदूला वाटलं, कस कमी पडला. तिनं आणखी खत घातलं.

"अगं, किती वाढशील तिला?" बायांग ओट्यावर जाळं विणत म्हणाला. "मला इतकं जेवायला घातलंस तर मीही आडवा होईन."

"तुम्ही आडवेच असता," मिंदू म्हणाली, पण तिचा आवाज रडवेला होता. जे तुकडे तिनं कापून आणले होते त्यांतले बहुतेक गेले होते. उरलेले टोपलीत ओल्या शेवाळात गुंडाळून ठेवले होते, तेवढीच आशा.

त्या संध्याकाळी ती परत दलदलीत उतरली. कडेला यंत्रं येऊन उभी राहिली होती. ती माझ्या बुंध्याशी बसली आणि मी उभी होते त्या जागी तिनं कोपरापर्यंत हात घातला. वर शेवाळ आलं, कुजकी पानं आली, तपकिरी आंबट पाणी आलं. तिनं ते नाकाशी नेलं, बोटांत चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "इथे तर काहीच नाही," ती म्हणाली. मग जरा वेळानं तेच पुन्हा म्हणाली, पण या वेळी तिला काहीतरी गवसल्यासारखं. तिनं ते 'काहीच नाही' पाटी भरून घरी आणलं.

"लोक दलदलीतून मासे आणतात," बायांग म्हणाला, "माझी बायको दलदलच घेऊन आली."

उरलेले तुकडे तिनं त्या शेवाळात, तेलाच्या जुन्या डब्यांना भोकं पाडून लावले. खत नाही, राख नाही, वळचणीला साठलेलं पावसाचं पाणी तेवढं. वर प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे ओल उडून जाऊ नये. ज्या बाईनं आयुष्यभर वेलींना भरवलं तिला नुसतं बघत बसायचं होतं. हे तिला फार जड गेलं. ती रोज डब्यापाशी यायची, खताच्या पोत्याकडे बघायची, हात मागे बांधायची आणि निघून जायची. मी पाहत होते. प्रेम आवरायला केवढी ताकद लागते हे मी त्या बाईकडून शिकले.

त्यांतले दोन तुकडे तगले. त्यांना कोवळं पान फुटलं.

मग एका सकाळी यंत्रं आत शिरली. दगड-माती पडली, झाडं पडली. त्या दिवशी मी दलदलीत मेले. दुखलं का, असं विचाराल तर सांगता येणार नाही, कारण सगळं फार झटपट झालं. बेडक्यांचं काय झालं ते मला माहीत नाही आणि त्याचा विचार मी करत नाही. मी ओट्यावर डब्यात होते, म्हणून हे सांगायला उरले.

पाऊस गेला, कापणी झाली, गवाय आला. मी मात्र डब्यात आहे तशीच होते. एक पान, मग दुसरं, आणि पुढे काही नाही. आमची चाल अशी सावकाशच असते, पण मिंदूला ते कुठे ठाऊक? मिरी एवढ्यात खांबाला कवटाळून अर्ध्यावर चढते. मिंदूनं अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. 'आणखी थोडी मोठी होऊ दे,' असं ती म्हणत होती. तिला लेमायला द्यायचं ते कुणी नावं ठेवणार नाही असं द्यायचं होतं.

गवायच्या आदल्या दिवशी लेमाय पाटी घेऊन घराबाहेर पडली. सवयीचे पाय. ती दलदलीच्या जागी गेली, नव्या लाल रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, इकडे-तिकडे पाहिलं आणि रिकामी पाटी घेऊन परत आली. पडवीतल्या बायकांनी तिला सोडलं नाही. "काय लेमाय, रस्त्यावर मडकी पिकली का?" सगळ्या हसल्या. लेमायही हसली, पण आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मिंदूनं ते पाहिलं आणि तिला राहवेना. ती पडवीतून लेमायच्या दारापर्यंत गेली. हात वर केला, पण दार वाजवायचं काही तिच्यानं झालं नाही. मग दाराला पाठ करून, समोरच्या नदीला सांगितल्यासारखं ती मोठ्यानं म्हणाली, "कुणाला मडक्यांची वेल हवी असेल तर त्यानं ओट्यावर यावं."

आणि ती तरातरा परत आली. तिनं दोन डब्यांतला त्यातल्या त्यात बरा डबा निवडला. लेमायसाठी वेताची सुबक टोपली काढून ठेवली होती, तीत मला हलवायचं होतं. लेमाय आली तेव्हा मिंदू डबा आडवा करून, थापटून, मला बाहेर काढत होती. लेमाय दोन हात लांब बसली. मी मुळांसकट मिंदूच्या तळव्यावर आले. शेवाळ गळून पडलं.

माझी मुळं काळी होती.

मित्रांनो, आमच्या कुळात सगळ्यांचीच मुळं काळी असतात. बारीक, केसांसारखी, काळी. निरोगी असली तरी काळीच. पण मिंदूनं माझी मुळं कधी पाहिली नव्हती. तिनं आयुष्यभर पाहिली ती मिरीची मुळं, आणि जिवंत मिरीचं मूळ पांढरं असतं. मिरीचं मूळ काळं झालं की ती मूळकूज. एकीला लागली की ओळीच्या ओळी बसतात. मागे एकदा तिच्या उतारावरची सगळी खालची मिरी अशी गेली होती. तेव्हापासून तिचा नियम होता, नव्हे तेबालायवरच्या प्रत्येक मिरीवाल्याचा तो नियम आहे: काळं मूळ दिसलं की विचार करायचा नाही, उपटायचं आणि जाळायचं, मातीसकट.

तिची मूठ माझ्याभोवती आवळली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग लेमायकडे, आणि म्हणाली, "घेऊ नकोस. हीही मेलेलीच आहे."

ती उठली. ओट्याच्या टोकाला पत्र्याच्या पिंपात भाताचं तूस धुमसत होतं, मिरीची माती भाजण्यासाठी. ती मला घेऊन तिकडे निघाली. मी काय करणार? आम्हाला मडक्यांची तोंडं पुष्कळ, पण त्यांतलं बोलणारं एकही नाही. 'बाई, माझे पाय जन्मापासून काळे आहेत,' एवढंच मला सांगायचं होतं. तुसाची धग माझ्या पानांना लागली. ज्या हातांनी मला वाचवलं तेच हात मला जाळायला निघाले होते, आणि त्या हातांचा काही दोष नव्हता. मला त्या वेळी माझ्यापेक्षा तिचीच कीव आली, कारण ती रडत होती.

"दे इकडे," लेमाय मागून म्हणाली.

"हात लावू नकोस. तुझ्या मिरीला लागेल."

"माझ्या मिरीला लागायला उरलंय काय?" लेमाय म्हणाली. तिची मिरी कशी पिवळी, रोडकी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं मिंदूच्या मुठीतून मला सोडवून घेतलं. मुळं नाकाशी नेली. "कुजलेल्याला वास येतो. हिला तर ओल्या पानांचा वास येतोय." मग तिनं मला उजेडात धरलं आणि पानं एकेक करून उलटीपालटी केली. मोठं मडकं शोधण्याचा तिला कंटाळा होता, पण लहानसहान गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत. सर्वांत कोवळ्या पानाच्या टोकाला एक तंतू लोंबत होता आणि त्या तंतूच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी फुगलं होतं. हिरवं. त्याला इवलंसं, घट्ट मिटलेलं झाकण होतं.

लेमाय ते बघत राहिली आणि तिला हसू फुटलं.

"मेलेली बाई मडकं घडवायला बसत नाही, अका."

किती वर्षांनी तिनं तो शब्द उच्चारला होता! मिंदू वाकली. तिनं ते मडकं पाहिलं, बोट पुढे केलं, पण लावलं नाही, आणि तिथेच ओट्यावर मटकन बसली. ती आता मोकळेपणी रडत होती आणि मधूनमधून हसतही होती. बायांग आतून धावत आला. दोघींना शेजारी शेजारी पाहून तो दारातच थबकला आणि आल्या पावली परत गेला. शहाणा माणूस.

गळलेलं शेवाळ गोळा करता करता लेमाय म्हणाली, "तेव्हा मी माती उकरून पाहिली नव्हती."

"कधी?"

"त्या साली. बी किडीनं खाल्लं, पाण्यानं कुजलं, का मीच खोल पेरलं, काही पाहिलं नाही. सरळ पडवीत येऊन भाजलेलं म्हणाले. तू निदान उपटून तरी पाहिलंस."

"उपटायला नको होतं," मिंदू नाक पुसत म्हणाली.

"नकोच होतं. लाव आता परत, सुकतेय ती."

दोघींनी मिळून मला वेताच्या टोपलीत लावलं. लेमायनं मला उचललं, पडवीतून सगळ्या दारांपुढून मिरवत नेलं आणि आपल्या बिऱ्हाडासमोर ठेवलं. पडवीतल्या बायका या खेपेला हसल्या नाहीत. एकीनं तर विचारलं, "आम्हालाही मिळेल का गं तुकडा?" त्या गवायला मडक्यातला भात कुणालाच मिळाला नाही. पण मिंदूनं चिकट भात केळीच्या पानात बांधून केला आणि तो शेवटच्या दारापर्यंत गेला. मी डब्यात होते आणि टोपलीतही होते, आणि दोन्हीकडे माझा जीव भांड्यात पडला होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण खरी गंमत पुढे आहे.

तीन-चार वर्षांनी मिंदूची लेक शहरात बाळंत झाली आणि मिंदू महिनाभर तिच्याकडे राहिली. घरी बायांग एकटा. डब्यातल्या मला आता चांगली मडकी धरली होती. बायांगला वाटलं, बायको परत येईल तेव्हा वेल दुप्पट झालेली पाहून खूश होईल. माणूस प्रेमळ. मागे आडवे झालेले तुकडे विसरून, मूठ सैल सोडून त्यानं माझ्या डब्यात मिरीचं खत घातलं. चार दिवसांनी आणखी घातलं. मिंदू परतली तेव्हा डब्यात काळा, मऊ बुंधा उरला होता आणि बायांग मासे धरायला दूर कुठेतरी निघून गेला होता.

मिंदूनं आरडाओरडा केला नाही. ती थोडा वेळ डब्यापाशी बसली. मग पदर नव्हता म्हणून अंगातल्या कपड्याच्या बाहीनं तिनं तोंड पुसलं आणि पडवीतून चालत शेवटच्या दाराशी गेली. तिथे वळचणीखाली, पागोळ्या गळतात तिथे, मी टोपलीतून बाहेर पडून खांबावर चढले होते. लेमायचा स्वभाव कुणाला फार काही करण्याचा नाही. तिनं मला खत घातलं नव्हतं, उपटून पाहिलं नव्हतं, फारसं पाणीही घातलं नव्हतं. वरून पाऊस आणि पाचोळा पडत होता, तेवढ्यावर मी ऐसपैस झाले होते. बुंध्याशी गोल मडक्यांची दाटी होती आणि एका मडक्यात, देवाशपथ सांगते, एक नखाएवढी बेडकी बसली होती.

मिंदू काही बोलण्याआधीच लेमायनं कोयता घेतला. बायांगचा पराक्रम सगळ्या लांबघराला ठाऊक झालेला होता. तिनं दोन पेरांवर तिरका काप घेतला, पानं अर्धी छाटली आणि मला मिंदूच्या ओंजळीत ठेवलं. "जिवंत आहे, अका. नीट बघून घे, मागून म्हणशील भाजलेलं दिलं."

"म्हणणार नाही," मिंदू म्हणाली, "आणि मुळंही बघणार नाही."

तर मित्रांनो, मिंदूच्या ओट्यावरून जी मी तुमच्याशी बोलते आहे, ती लेमायच्या घरून आलेली आहे. मिंदूनं स्वतःपाशी राखून ठेवलेली मी मेले आणि दिलेली मी जगले. आता लांबघरातल्या बहुतेक दारांपुढे मी आहे. बायांगला खताच्या पोत्याजवळ फिरकायची बंदी आहे.

जाता जाता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. घरी एखादं झाड आणलंत तर त्याला आपल्या आवडीचं वाढण्याआधी ते कुठून आलं ते विचारा. त्याचे पाय काळे दिसले तर घाई करू नका. आणि तुमच्याजवळ जे एकच असेल, आवडतं असेल, त्याचा एक तुकडा कुणाला तरी देऊन ठेवा. रुसलेल्या माणसाला दिलात तर फारच उत्तम. तो माणूस ते हट्टानं जगवतो.